लतीफबाबांच्या कबरीची जागा

लाव पैज, पोरी. ह्यातलं एक अक्षर खरं मानून दाखव, माझी तांबडी कोंबडी तुझी. मी लबाड म्हातारी हाय, समद्या गावाला ठावं हाय. तरी सांगते, हे माझ्या डोळ्यांदेखत झालं.

"दुआ देताय ना, बाबा?" साहेब इचारत व्हता.

साहेब म्हंजी सर्वेवाला. तुषार डोंगरदिवे. नदीनं जुनं पात्र सोडलं, तिथं आपली दलदल ऱ्हायली ना, लव्हाळ्याची, बगळ्यांची... तिच्या खाली हाय रेव. गोल गोल गोटे. ते उपसायला एक कंपनी येनार व्हती. दलदल सोडून पुढं खनायचं, आसा कायदा. आन् दलदल कुठं सपती, त्येचा नकाशा ह्यो काढनार.

म्हंजी ह्येनं झेंडे रोवायचे, आन् झेंड्याच्या पल्याड मशीन.

आन् आपल्या हिरींना पानी त्या दलदलीतनंच.

तर ह्येनं झेंडे रोवले कुठं? उन्हाळ्यात समदं आटून डबकं उरतं, त्येच्या काठाला. पार बेडकाच्या नाकापाशी.

मी तिथं लव्हाळा कापत व्हते. म्हनलं, "साहेब, जपून. हितल्या जळवा लबाड मानसालाच धरत्यात."

झालं! दिवसभर इजार वर करकरून पोटऱ्या बघतोय.

सांच्याला आला लतीफबाबांकडं. फकीर मानूस, दलदलीच्या कडंला झोपडी. साहेब ल्हान आसताना त्येची आई त्येला बाबांच्या मांडीवर घालायची, म्हनून बाबा त्येला बेटा म्हनायचे. मी तिथंच, बाबांच्या चुलीवर च्या ठेवला व्हता.

"दुआ कशाची?" बाबा म्हनाले.

"नकाशा मंजूर व्हावा म्हणून. वरच्यांना पाणथळ कमी दाखवून हवीय. झालं, तर मला बढती."

"झेंडे बरोबर आहेत?"

"नियमात बसतात."

"नियम नाही विचारला मी."

...

साहेबानं च्या फुंकला. लई फुंकला. पार गार झाला तरी फुंकत व्हता.

"मला कामातलं शिकवू नका बाबा. माती हातात घेतली की सांगतो, पावसाळ्यात पाणी कुठवर चढेल. अख्ख्या जिल्ह्यात माझ्याइतकं कुणाला येत नाही."

"अच्छा?" बाबा खूश झाले. "मग आधी माझं एक काम कर. एक जागा बघून दे."

"कसली?"

"कबरीची."

"असं काय बोलता, बाबा!"

"का? मरायचं नाही का मी? कोरडी पाहिजे मात्र. गुडघे धरतात माझे. खाली पाणी आलं तर कयामतपर्यंत कुडकुडत पडू?"

साहेब उठला. माती काढायचं गिरमिट घेतलं. बाबा काठी टेकत त्येच्या मागं. बाबांच्या मागं मी. मला कुनी बोलावलं व्हतं? कुनी न्हाई.

झेंड्याच्या भायेर, कोरड्या अंगाला, बाबा थांबले.

"इथं?"

साहेबानं गिरमिट फिरवलं. निळसर काळा गाळ वर आला, कुजका वास मारत.

"इथं नको, बाबा."

"वर तर भेगा पडल्यात. कोरडं आहे."

"वरचं काय धरता? पावसाळ्यात इथं कमरेएवढं पाणी."

"बरं."

पुढं चिलारीच्या झुडपापाशी.

"इथं?"

साहेबानं माती चुरली, डोळ्यापाशी नेली. राखाडी माती, त्येच्यात तांबूस ठिपके.

"इथंही नाही. पाणी येऊन जातं खालून."

...

"दमलात का, बाबा?"

"तू चाल. मला कोरडं पाहिजे."

बाभळीच्या टेकाडावर गिरमिट घातलं, तसा मुरूम करकरला. साहेब हसला. दिवसभरात पैल्यांदा हसला.

"इथं. कितीही पूर येऊ द्या."

बाबा तिथंच आडवे झाले. मापाला! पाय लांब केले, हात छातीवर, डोळे मिटले. मी पदर तोंडात कोंबला.

"पक्कं, बेटा?"

"पक्कं. तुम्हाला फसवीन का मी?"

...

वारा व्हता. खाली लव्हाळा हालत व्हता.

बाबांनी एक डोळा उघडला.

"तुझे झेंडे खालीच राहिले की रे."

...

तोंड काय वासतीस? खरं वाटलं व्हय? ऊठ. जा आता.