आबासाहेबांचा ससा

देवाशपथ खरी गोष्ट. मी तिथंच बसलो होतो. म्हणजे बसलो नव्हतो, माझा जन्म व्हायचा होता. पण ज्यानं मला सांगितली तो माझ्याइतका खोटारडा नव्हता.

"पण बाबा, कागद तोच, मसाला तोच, हंडीसुद्धा तीच. मग आबासाहेबांची चव माझ्या सशाला का येत नाही?"

हिंदुराव इंगवले टेकडीवरच्या दर्ग्याच्या ओट्यावर बसून विचारत होता. समोर दस्तगीर फकीर. फकिरी घेण्याआधी बाबांनी हिंदुरावच्या आजोबांच्या, आबासाहेबांच्या मुदपाकखान्यात वीस वर्षं चूल फुंकलेली. आबासाहेबांनी मारलेला रानससा खायला तेव्हा चार संस्थानांतून पाहुणे यायचे.

नऊ वर्षं झाली. दर हिवाळ्यात हिंदुराव ससा मारी, घराण्याच्या पाककृतीच्या कागदाबरहुकूम शिजवी आणि हंडी घेऊन टेकडी चढे. बाबा एक घास घेत. मान हलवत. नाही.

"आज जमलं नाही तर कागद चुलीत घालतो."

"घाल की. आधी वाढ."

हिंदुरावनं नजर चोरून वाढलं. यंदा दोन दिवस रान तुडवूनही ससा दिसला नव्हता. इंगवल्यानं शिकारीवरून रिकाम्या हातानं यायचं? हंडीत बाजारातला बोकड होता. बारीक तुकडे केलेला, ओळखू न येणारा.

बाबांनी घास घेतला. डोळे मिटले.

"काय झालं, बाबा?"

"हीच. अगदी हीच ती चव. आबासाहेबच वाढताहेत म्हण ना!"

हिंदुरावची छाती फुगली. आणि तिथंच अडकली.

आता नुसतं गप्प बसायचं होतं. घराण्याचं नाव राहत होतं.

तेवढ्यात बाबांनी गालात काहीतरी घोळवलं, दोन बोटांनी बाहेर काढलं आणि ताटलीत टाकलं. टण्ण.

बंदुकीचा छर्रा.

"शिकारीच्या घासात छर्रा लागला की खाणारा नशीबवान," बाबा म्हणाले. "ससा अस्सल हं, हिंदुराव."

हिंदुरावनं छर्रा उचलून निरखला.

"बाबा."

"हं."

"यातून छर्रा निघायचा नाही."

"निघाला की."

"अहो, बोकड आहे तो! शुक्रवारच्या बाजारातला. बंदूक त्यानं जन्मात बघितली नव्हती. थुंका माझ्या तोंडावर."

बाबा थुंकले नाहीत. बोटं चाटून घेतली. मग कनवटीची चंची सोडून त्याच्यापुढं उलटी केली. सुपारीच्या खांडांबरोबर मूठभर छर्रे ओट्यावर घरंगळले. जुने, गुळगुळीत.

"आबासाहेबांनी दिलेले. पाहुण्यांच्या ताटात एकेक सोडायला."

हिंदुरावचा जबडा उघडाच राहिला. मग तो असा हसला, असा हसला, की घुमटावरचे पारवे भर्रकन उडाले.

"आणि नऊ वर्षं मला बोलला नाहीत?"

"मीठ खाल्लं होतं त्यांचं." बाबांनी ताटली पुढं सरकवली. "ससे बिचारे उगाच मेले. वाढ."

पारवे तेवढे माझ्या पदरचे. त्या घुमटावर कधी चिमणीही बसली नाही.