झुपकीचा सज्जा

फार मागे, जांभळाच्या ढोलीत झुपकी नावाची खार तीन पिल्लांसह राहायची. ऊन खायला दारापुढे सज्जा हवा, म्हणून तिने टोकोबा सुतारपक्ष्याकडून काड्यांचा छान सज्जा करून घेतला.

"झुपकीताई, सज्जा खोडाला टेकतो तिथे वरून सालीची पट्टी बसवू द्या," टोकोबा म्हणाला. "नाहीतर फटीतून पाणी आत जाईल."

"छे हो, ठिगळ दिसेल ते!" झुपकीने नाक मुरडलं. टोकोबाने पट्टी न बसवताच काम संपवलं.

श्रावणात सरींवर सरी आल्या. पिल्लं शिंकतच उठली, कापसाचं अंथरूण चिंब झालं होतं. झुपकीने ढोलीचं तोंड पानांनी बुजवलं, तरी पाणी येतच राहिलं. सज्ज्यालगतच्या भिंतीवर तिने पंजा टेकवला, तर लाकूड भुसभुशीत लागलं.

ती धावत टोकोबाकडे गेली. "चुकलं माझं. घर कुजायला लागलंय हो!"

"चूक माझीही आहे. मी सुतार असून तुमचं ऐकलं," टोकोबा म्हणाला.

उघडीप मिळताच त्याने कुजका भाग टोचून काढला आणि जागा वाळू दिली. मग पट्टीची वरची कड खोडाच्या सालीखाली सरकवली आणि खालची सज्ज्यावर उतरती सोडली.

पुढच्या सरीला सगळं पाणी पट्टीवरून घसरून बाहेर पडलं. तिन्ही पिल्लं धावत सज्ज्यावर गेली आणि पावसात नाचू लागली.

"अरे, पुन्हा शिंकाल!" झुपकी ओरडली.

"आई, आत कोरडं आहे, म्हणून तर बाहेर भिजतोय!"

झुपकीला हसू आवरेना. तीही बाहेर आली.