माल नदीपलीकडे मिळणार नाही

फार पूर्वी, बाजाराला जायला पायांपेक्षा कबूतर जास्त उपयोगी पडायचं, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात लिलाव भरायचा. विकणाऱ्याने आपली वस्तू पारावर मांडायची, तिचं वर्णन कबुतरांच्या पायाला बांधून गावोगाव धाडायचं, आणि घेणाऱ्याने घरबसल्या उलट टपाली बोली लावायची. विकणाऱ्याने घेणाऱ्याचं तोंड पाहिलेलं नसे, घेणाऱ्याने वस्तूला हात लावलेला नसे. सगळा व्यवहार शब्दावर. म्हणून माल मिळाला की घेणारा पारावर दवंडी पिटवी, "अमक्याचा माल चोख" किंवा "अमक्याचा माल कुचकामी". एकदा वाईट दवंडी फिरली की भल्याभल्यांचा धंदा बसायचा.

त्या गावात पखवाज करणारी एक बाई होती. तिच्या हातचा पखवाज नुसत्या थापेने बोलायला लागायचा. बाईची जीभ मात्र फटकळ. तिच्या मालाशेजारी कायम एक पाटी असायची, "माल नदीपलीकडे मिळणार नाही." कबुतरांसोबत धाडलेल्या वर्णनातही हीच ओळ असायची. का मिळणार नाही, ते मात्र लिहिलेलं नसायचं. कोणी विचारलंच तर ती म्हणायची, "नाही म्हणजे नाही! त्याचं रामायण कशाला?"

कारण तसं साधं होतं. नदीपलीकडे दुसरं राज्य होतं आणि त्याच्या नाक्यावर शिपाई बसत. शिवलेलं गाठोडं आलं की ते उसवायचा त्रास कोण घेणार? ते लांब सळई घेत आणि गाठोड्यात आरपार खुपसत, आत चोरटा माल असला तर कळावा म्हणून. कापसाला किंवा धान्याला त्याचं काही वाटत नाही. पण पखवाजाची दोन्ही तोंडं म्हणजे ताणून बसवलेलं कातडं. बाईचा एक पखवाज असाच भोसकला गेला होता, तेव्हापासून ही पाटी.

एकदा तिने फणसाच्या खोडाचा एक पखवाज केला. असा जमून आला होता की तिचं तिलाच कौतुक वाटलं. तो पारावर मांडताच पहिलं कबूतर आलं ते नदीपलीकडच्या एका गुरवाचं. "ताई, मी पलीकडच्या देवळात पखवाज वाजवतो. माझा जुना फुटला. देवाची आरती सध्या नुसत्या टाळांवर चालली आहे. तुमची पाटी वाचली. तरी काही मार्ग निघेल का?"

बाई तेव्हा पखवाजाच्या तोंडावर लावायची शाई घोटत होती. तिने मान वर न करता उत्तर धाडलं, "पाटी वाचलीत ना? मग झालं." गुरवाने पुन्हा त्रास दिला नाही आणि बोलीही लावली नाही.

पलीकडेच एक शेटजी राहत होता. त्याला दिवाणखान्यात टांगायला पखवाज हवा होता. पाटी त्यानेही वाचली आणि तो हसला. "पाट्या काय, लावणारे लावतात!" अलीकडच्या काठावर त्याचा मेहुणा राहायचा. शेटजीने त्याचं घर आपलं म्हणून कळवलं, सगळ्यांवर चढी बोली लावली आणि पखवाज मिळवला. मेहुण्याने तो गोणपाटात घातला, तोंड घट्ट शिवलं आणि कोणाला कळू नये म्हणून कडब्याच्या पेंढ्यांत दडवून नावेत चढवला. पुढे नाक्यावर जे व्हायचं ते झालं.

दुसऱ्या दिवशी शेटजी फुटका पखवाज घेऊन पारावर हजर. "बघा हो बघा, काय माल पाठवलाय! बोलवा दवंडीवाल्याला!"

माणसं जमली. बाईचं आयुष्यभर कमावलेलं नाव एका आरोळीत जाणार होतं. तिने पखवाज मांडीवर घेतला, भोकावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "शेटजी, हे भोक या तोंडातून शिरून त्या तोंडातून बाहेर पडलंय. ही नाक्यावरची सळई. माझा माल तुम्ही कळवलेल्या अलीकडच्या घरी धड पोचला होता की नव्हता, ते आधी सांगा."

दवंडीवाला शेटजीकडे बघू लागला. "सांगा शेटजी. मला खरं तेच ओरडावं लागतं."

"पोचला होता धड," शेटजी पुटपुटला. मग एकदम उसळून म्हणाला, "पण सळईचं तुमच्या पाटीवर कुठे लिहिलंय? मला काय स्वप्न पडणार होतं?"

लोक हसले, पण बाई हसली नाही. ते तिला लागलं. "तेवढं मात्र खरं बोललात," ती म्हणाली. "चोरून नेलंत ही तुमची चूक. कारण लिहिलं नाही ही माझी. ठेवा तो इथे, मी नवं कातडं चढवून देते. पण न्यायला तुम्ही स्वतः यायचं. उघड्या टोपलीत ठेवून, नावेत त्याच्याजवळ बसून न्यायचा. उघड्या मालाला शिपाई सळई लावत नाहीत, नजरेने बघतात."

"मी? चारचौघांत टोपली सांभाळत बसू?" शेटजीचा चेहरा लालबुंद झाला. "नको मला तुमचा पखवाज!" त्याने आपले पैसे मागून घेतले आणि तो तरातरा निघून गेला. दवंडीची आठवण त्यालाही राहिली नाही.

बाई मात्र पखवाजाकडे बघत बसली. आपण हा मार्ग या माणसाला सांगितला आणि ज्याने नीट विचारलं होतं त्याला दोन शब्दांत वाटेला लावलं, याची तिला मनापासून लाज वाटली. तिने नवं कातडं चढवलं आणि कबूतर सोडलं. "गुरवदादा, त्या दिवशी मी तुसडेपणा केला. तुम्हाला परवडेल त्या बोलीने पखवाज तुमचा. टोपली घेऊन या."

गुरव पहिल्या नावेने आला आणि परतताना टोपली मांडीवर घेऊन बसला. नाक्यावर शिपायाने पखवाज उलटसुलट पाहिला. "आत काही दडवलेलं नाही कशावरून?"

"वाजवूनच दाखवतो की," गुरव म्हणाला. "आत काही असलं तर बद्द वाजेल."

त्याने पखवाज पुढ्यात घेतला आणि थाप मारली. आवाज असा घुमला की शिपायाने हातातली सळई भिंतीला टेकवून ठेवली. "अजून थोडं वाजवा," तो म्हणाला.

अलीकडच्या काठावर बाई उभी होती. तो आवाज पाण्यावरून तिच्यापर्यंत आला आणि तिचे डोळे भरून आले. ती घरी गेली आणि जुन्या पाटीखाली तिने ठळक अक्षरांत लिहिलं, "कारण नाक्यावर सळई आहे. तरीही हवा असेल तर विचारा, मार्ग सांगेन."

तात्पर्य: नियमाला पळवाट शोधण्याआधी त्याचं कारण विचारावं, आणि नीट विचारणाऱ्याला नियम करणाऱ्यानेही नुसती पाटी दाखवू नये.