भुजंगराजांची गळकी पाणबुडी

शिंपलेगडच्या भुजंगराजांची पाणबुडी गळू लागली. इतकी, की खलाशी आत छत्री उघडून जेवायला बसत!

राजांनी गोदीचा मुकादम धाकू खारवी याला बोलावून घेतलं.

“दुरुस्ती झालीच पाहिजे! पण पाणबुडी एक दिवसही समुद्रातून हलता कामा नये. ती नाही हे कळलं, तर पलीकडच्या किनाऱ्यावरचा राजा चालून येईल! आणि मागच्यासारखा उशीर केलास, तर तुझी रवानगी कोठडीत!”

मागच्या वेळी उशीर का झाला? महाराज रोज वाजतगाजत गोदीत यायचे, ‘अजून कसं झालं नाही?’ असं विचारायला. ते आले, की सगळे कामगार हत्यारं टाकून मुजऱ्याला उभे! पण हे महाराजांना सांगणार कोण? धाकू घरी येऊन डोक्याला हात लावून बसला.

“पोरी, आता माझं काही खरं नाही गं!”

त्याची मुलगी भागी गोदीत रंगकाम करायची. तोंडाची भलती फटकळ. ती तडक दरबारात गेली.

“काम होईल, महाराज! फक्त समुद्रावर पहारा करायला आपण स्वतः बुरुजावर हवेत. आपल्यासारखी नजर दुसऱ्या कुणाची आहे?”

राजे खूश! दुर्बीण घेऊन ते जिना चढू लागले, तोवर इकडे पाणबुडी गुपचूप डोंगरामागच्या गोदीत शिरलीसुद्धा!

राजे वरच जेवले, वरच घोरले. भागी रोज खालून ओरडायची, “काय दिसतंय, महाराज?”

“काही नाही!”

“मग सगळं झकास चाललंय!”

पलीकडचा राजाही दुर्बीण लावून बसला होता. त्यालाही काही दिसेना. त्याची तर झोपच उडाली! शेवटी त्याचा वकील नजराणा घेऊन धावत आला. “तह करू या! तुमची पाणबुडी कुठून येईल या धास्तीनं आमचे महाराज आंघोळीलाही जात नाहीत!”

राजे ऐटीत खाली उतरले, गोदीत गेले, आणि बघतात तर पाणबुडी समोर! कोरडी ठणठणीत, नवा रंग लावलेली.

“म्हणजे ही समुद्रात नव्हतीच? माझा हुकूम मोडलास?”

भागी पुढे झाली. “आपण एवढा पहारा केलात, महाराज. ती नाही हे आपल्याला तरी कळलं का? दिसली तर ती पाणबुडी कसली!”

राजे गडबडले. “बरं, पण काम इतक्या लवकर झालं कसं?”

“आपण इकडे फिरकला नाहीत म्हणून!”

धाकूनं डोळे गच्च मिटले. आणि राजे असे खदखदून हसले, की त्यांच्या डोक्यावरचा मंदील पाण्यात पडला!

त्यांनी हातातलं सोन्याचं कडं भागीला दिलं, गोदीचा सगळा कारभार तिच्यावर सोपवला, आणि म्हणाले, “पुढच्या दुरुस्तीला मी बुरुजावर कधी चढायचं, तेवढं आधी कळव!”