साळुंकी आणि पाहुणा डॉक्टर

एका जंगलात तळ्याकाठच्या उंबराखाली एक दवाखाना होता आणि तो बारा महिने चालवीत असे एक साळुंकी. थंडी पडली की दूर उत्तरेकडचे पक्षी तळ्यावर उतरत. त्यांतला एखादा मोठ्या मनाने दवाखान्यात मदतीला येई, पंधरा-वीस दिवस राही, पुष्कळ काही सुचवी आणि उडून जाई. मग साळुंकी त्याने हलवलेली औषधी पाने पुन्हा जागच्या जागी लावीत बसे. मुलांनो, पाहुण्याला कसे बोलावे म्हणून ती बोलत नसे, पण मनातून पार वैतागली होती.

त्या वर्षी एक पांढरा करकोचा आला. काटे काढावेत तर त्यानेच! चोच लांब, नजर बारीक आणि जीव ओतून काम करण्याची सवय. पण पहिल्याच सकाळी त्याने साळुंकीला बजावले की, आपण रुग्णाशी बोलत असताना तिने मध्ये बोलू नये, आपला गोंधळ होतो. साळुंकीला ते चांगलेच झोंबले. "बरं, डॉक्टरसाहेब," एवढेच ती म्हणाली आणि फुगून बसली.

त्याच दिवशी एक हरिणी लंगडत आली. खुरात काटा रुतला होता. करकोच्याने तो अलगद उपसला, पट्टी बांधली आणि बजावले की, टोक आत राहिले असेल तर पाय सुजेल, म्हणून उद्या सकाळी दाखवायलाच हवे. हरिणी भिडस्त. एवढ्या मोठ्या पाहुण्यासमोर ती मान खाली घालून म्हणाली, "बरं, येते हं." करकोच्याला समाधान वाटले. साळुंकीने मात्र ते ऐकले आणि तिच्या काळजात चर्र झाले. तरी ती बोलली नाही. बोलू नका म्हणालेत ना, मग बघा आता, असे तिच्या मनात आले.

दुसऱ्या दिवशी करकोचा ताजी पट्टी घेऊन दुपारपर्यंत ताटकळला. शेवटी हिरमुसून म्हणाला, "येते म्हणाली होती. शब्द मोडला तिनं."

आता साळुंकीला राहवेना. "साहेब, तिनं शब्द दिलाच नव्हता," ती म्हणाली. "आमच्याकडे निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. ती तुमचा निरोप घेत होती. तिचं पाडस लहान आहे, ओढा ओलांडून पुन्हा येणं तिला जमायचं नाही. अशांच्या घरी मीच जाते. मला कालच कळलं होतं, पण मी रुसून गप्प बसले."

करकोच्याने पंख उघडले आणि विचारले, "घर कुठं आहे तिचं?"

ओढ्यापलीकडच्या करवंदीच्या जाळीत हरिणी पडून होती. पाय भोपळ्यासारखा सुजला होता. रानकुत्र्यांची टोळी माळावर हिंडत होती आणि तिला उठता येत नव्हते. पाडस तिला बिलगून थरथरत होते. ती लांब चोच पुन्हा पायाजवळ येताना पाहून हरिणी पाय आखडून घेई. साळुंकी तिच्या कानाशी बसली, पाडसाची चौकशी करीत राहिली, तेव्हा कुठे तिने पाय सैल सोडला. करकोच्याने खोल रुतलेले टोक बाहेर काढले. साळुंकीने रानहळदीचा लेप लावला. पुढचे तीन दिवस दोघेही तिथेच जाऊन पट्टी बदलत होते. चौथ्या दिवशी रानकुत्री खरोखरच जाळीपाशी आली, आणि हरिणी पाडसाला घेऊन वाऱ्यासारखी पळाली.

थंडी सरली. करकोचा निघाला तेव्हा साळुंकीचे डोळे भरून आले. आजवर एकाही पाहुण्याला तिने पुन्हा या म्हटले नव्हते. याला म्हटले, आणि अगदी मनापासून म्हटले.

"पुढच्या वर्षी येताना काय आणू?" करकोच्याने विचारले.

"काही नको," साळुंकी म्हणाली. "आल्यावर पहिले दोन दिवस माझ्याबरोबर घरोघर नुसते फिरा. चोच तिसऱ्या दिवशी उघडा."

तात्पर्य : मदतीला जाणाऱ्याने आधी तिथल्या माणसांचे ऐकावे, आणि ज्याला ठाऊक आहे, त्याने रुसून गप्प बसू नये, कारण दोघांच्या मानापमानात दुखणे तिसऱ्याचे वाढते.