कुंडीतली अंगाई

माया करता म्हणे! वाढायला हात सैल, पण समोरच्याला काय सोसतं ते विचारायला तोंड उघडत नाही. मी नाव कुणाचंच घेत नाही. पाय पांघरुणात घ्या नि ऐका.

एका तळ्याकाठी एक राजा राज्य करायचा. त्याची लेक कुमुदा. ती पाळण्यात असतानाच तिची आई वारली. राजाला लढाई यायची, न्यायनिवाडा यायचा, अंगाई काही यायची नाही. दाया येऊन गायच्या. कुमुदा म्हणायची, ही नको, माझ्या आईची हवी. आता ती आणायची कुठून?

मग एका संध्याकाळी राजा लेकीला घेऊन तळ्यावर गेला. त्या तळ्याच्या तळाशी एक म्हातारी राहायची, बरं का. केस शेवाळाचे, पाठ कासवासारखी. ती वर आली नि राजाला म्हणाली, तुझी राणी इथं काठावर बसून गायची. तुला सवड नव्हती. माझ्या बेडकांनी ऐकलं.

मग तिनं एका कुंडीत तीन बेडूक दिले. नखाएवढे. जमिनीवर कधी न येणारे, पाण्यातच जन्म काढणारे. एक अंगाईची सुरुवात गुणगुणायचा, दुसरा मधलं, तिसरा शेवट.

म्हातारी कुमुदेला म्हणाली, "पोरी, मातीच्याच कुंडीत ठेव. पाणी वीतभर, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. श्वास घ्यायला वर येतात बिचारे. दिवसाआड चिमूटभर लाल अळ्या दे. डोळ्यांनी अधू आहेत, वासावर जेवतात, तेव्हा काडीनं तोंडाशी ने. हातात घेऊ नकोस. आणि तोंड ते कधीही उघडतील. फसू नकोस."

मग काय! दिवे लागले की कुंडीतून गुणगुण सुरू व्हायची. शब्द नव्हते, नुसता सूर. पण कुमुदेला वाटायचं, कुणीतरी केसांतून हात फिरवतंय.

आता त्या राजवाड्याची एक रीत होती. पाहुण्यानं तीनदा नको म्हटल्याशिवाय वाढणारीचा हात थांबायचा नाही. कुमुदेचा वाढदिवस आला. पानं मांडली, पुरणपोळ्या झाल्या. तिला वाटलं, सगळे जेवले आणि माझ्या बेडकांना मात्र चिमूटभर? तिनं काडीनं अळ्या भरवल्या. बेडकांनी तोंड उघडलं. आणखी भरवल्या. पुन्हा उघडलं. बेडूक काही नको म्हणत नाहीत. सकाळी पहिला बेडूक फुग्यासारखा फुगून पालथा पडला होता.

अंगाईची सुरुवात गेली.

कुमुदा रडली, जेवली नाही. पण शिकली का? छे. तिला वाटलं, आपली माया कमी पडली. मग दिवाळी आली. भांडी चिंचेनं घासून लखलखली. त्यात ती मातीची कुंडी, काठाला हिरवं धरलेली. कुमुदेला लाज वाटली. तिनं सगळ्यात मोठं तांब्याचं घंगाळ मागवलं नि दोघांना त्यात सोडलं. आपल्याला तांब्याच्या पाण्याचं कौतुक, बरं का. त्यांना ते विष. दुसरा बेडूक तळाशी गेला तो वर आलाच नाही. तिसऱ्याला तिनं कसंबसं कुंडीत परत आणलं.

मग ती तळ्यावर पळत गेली. म्हातारी वर आली. रागावली नाही, आणि कुमुदेला तेच जास्त लागलं. म्हणाली, "राणीला ऐकलेले तेवढेच होते गं. बाकीचे तिच्यामागून जन्मले."

कुमुदा घरी आली. कुंडीशी बसली. एकटा उरलेला तो जीव. तिला वाटलं, उचलावा, छातीशी धरावा, चुकले म्हणावं. मनगटापर्यंत हात पाण्यात गेला. बेडूक अंग चोरून कोपऱ्यात सरकला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं म्हणा ना. मग हात बाहेर काढला, परकराला पुसला नि पाठीमागे धरून बसली. कुणी अडवलं नव्हतं.

थोड्या वेळानं तो गुणगुणला. अंगाईचा शेवट. हा सूर कुमुदेनं कधी ऐकलाच नव्हता. मधलं चालू असतानाच तिचा डोळा लागायचा. आता ती सुरुवात आठवू बघायची, मधलं आठवू बघायची, ओठांवर काही यायचं नाही. बेडूक आहेतच की, म्हणून तिनं पाठच केलं नव्हतं.

तो बेडूक मात्र खूप जगला. दिवसाआड, चिमूटभर, मातीच्या कुंडीत. कुमुदा मोठी झाली, राणी झाली. तिच्या राज्यात वाढण्याआधी विचारायची रीत पडली. लोक सुखानं जेवले, सुखानं निजले. तुम्हीही निजा. कूस बदला, डोळे मिटा.

आणि हो, राणीच्या दाराशी केरबा नावाचा म्हातारा पहारेकरी असायचा. भाल्याला टेकून तो रोज ते गुणगुणणं ऐकायचा. एकदा राणी म्हणाली, केरबा, आईचं एवढंच उरलंय माझ्याकडे, नुसता शेवट.

केरबा म्हणाला, "नशीब म्हणायचं राणीसाहेब. माझी आई शेवटी काय म्हणायची, देव जाणे. मी कधी तिथवर जागाच राहिलो नाही."