हातभर पडद्याचा दरबार

वाळ्याचा पडदा किल्ल्याच्या दरवाजाएवढा, त्यावर दिवसभर पाण्याचा मारा, तरी राजा चंडप्रतापाच्या घामाच्या धारा थांबेनात! उलट दरबार ओल्या गोणपाटासारखा दमट झाला आणि प्रधानांच्या पगडीला बुरशी आली.

"राजा मोठा, तर पडदाही मोठा!" हा हुकूम राजाचाच. पण राजा कधी चुकतो का? म्हणून पडदा विणणारा सोनजी बुरूड कोठडीत गेला.

त्याची लेक हौसा तडक दरबारात आली. "महाराज, माझ्या बाला सोडा. त्याचा पडदा खोटा नाही. आमच्या झोपडीला हातभर पुरतो!"

"हातभर?" राजा खवळला. "मग त्याच पडद्यानं उद्या भरदुपारी माझा दरबार गार कर! जमलं तर बाप सुटेल, नाहीतर तूही त्याच्या शेजारी!"

दरबारी खो खो हसले. राजा हसवेल तेव्हा हसायचं, एवढाच त्यांचा हुद्दा होता.

हौसानं सभोवार पाहिलं. मुकुट चमकावा म्हणून पश्चिमेच्या खिडक्या सताड उघड्या. तो आणखी चमकावा म्हणून भरदिवसा समया पेटलेल्या. आणि शालजोड्या पांघरलेले दरबारी एकमेकांना चिकटून बसलेले!

"महाराज, दरबार म्हणजे नक्की काय हो? ह्या भिंती, की ही मंडळी?"

"खुळे! मी बसतो तो दरबार! कारभार मी एकटा हाकतो!"

"अगदी एकटे, महाराज!" दरबारी एकसुरात ओरडले.

"झालं तर मग," हौसा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं राजाला सिंहासनामागच्या छत्र ठेवायच्या खोलीत नेलं. उत्तरेला एकच खिडकी, तिच्यावर हातभर ओला पडदा. राजा टेकला. झुळूक आली, घाम सुकला.

"पण हा कुठला दरबार?"

"महाराज बसलेत की!"

तेवढ्यात प्रधान शालीसकट आत घुसले आणि खोली तापली.

"बाहेर व्हा, प्रधानजी!" राजा ओरडला.

"कळलं ना महाराज?" हौसा म्हणाली. "दालन बघून पडदा मागितलात, आतल्या चुली बघितल्याच नाहीत! एकेक दरबारी म्हणजे पेटती चूल, आणि वर शिजत काहीच नाही!"

राजानं दाराच्या फटीतून दालनात पाहिलं. कारभार नेहमीसारखाच चालला होता, म्हणजे मंडळी घाम पुसत होती. त्याला हसू आवरेना.

"सोनजीला सोडा! नदीकाठचं बांबूचं बेट ह्या पोरीच्या नावे करा!" असं म्हणून तो पोट धरधरून हसला.

आणि बाहेर उकडत बसलेले दरबारी? कशाला ते न विचारता तेही खो खो हसले!